दोन चोचींमधलं वाक्य

ऑफिसात तिला सगळे 'इस्त्री' म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे इस्त्री. कुठेही सुरकुती दिसली की ती काढल्याशिवाय या बाईला चैन पडत नाही, असं कोणीतरी एकदा म्हणालं आणि नाव चिकटलं. तिच्या कानावर ते आलं होतं, पण तिला त्याचा राग नव्हता. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ऑफिसात असशील. इथे माझा एक शर्ट सरळ सापडला तर शपथ."

नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. मुलगी कॉलेजात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली टायरवाल्याचं दुकान, त्यामुळे खिडकी उघडली की घरात रबराचा वास यायचा. लग्नाआधी ती एका गोदामात माल आला-गेला टाइप करायची. तिथल्या कॉम्प्युटरवर काहीतरी बिघडलं की दुरुस्त करायला माणूस येई, आणि तो काय करतो ते ती त्याच्या खांद्यावरून बघत राही. मग संध्याकाळचे क्लास केले, परीक्षा दिल्या, मधली काही वर्षं मुलीत गेली, पुन्हा परीक्षा दिल्या. चाळिशी ओलांडल्यावर तिला प्रोग्रॅमर म्हणून पहिली नोकरी मिळाली. बरोबरीची माणसं तिच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान होती. ती त्यांच्याशी स्पर्धा करायच्या भानगडीत पडली नाही. हाताखालून जाईल ते नीट जाईल, एवढंच बघायची.

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. हॉस्पिटलमधून सोडलेली म्हातारी माणसं वृद्धाश्रमात जातात. त्यांना कोणतं औषध किती द्यायचं, काय खायला द्यायचं नाही, हे डॉक्टर हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर लिहितात. तो मजकूर एक्सएमएल नावाच्या साच्यात भरायचा, वेब सर्व्हिसवरून कंपनीकडे आणायचा आणि तिथून आश्रमाच्या पडद्यावर पोचवायचा. पूर्वीच्या काळी निरोप्या जे काम पायी करायचा, ते इथे तारेवरून व्हायचं.

या साच्यात मजकुराच्या प्रत्येक भागाला आधी एक लेबल असतं आणि शेवटी एक लेबल असतं. हे नाव, हे वय, ही सूचना. लेबल कुठलं आणि मजकूर कुठला हे यंत्राला कळावं म्हणून लेबलाच्या दोन्ही बाजूंना चोचीसारखी एकेक खूण असते. एक चोच लेबल उघडते, दुसरी मिटते. घोळ असा की शाळेच्या गणितात याच चोचींचा अर्थ 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' असा होतो, आणि घाईतला डॉक्टर 'शंभरपेक्षा कमी' असं लिहीत बसत नाही. तो चोच काढतो आणि पुढे शंभर लिहितो. यंत्राला वाटतं, नवीन लेबल सुरू झालं. ते त्या लेबलाचा शेवट शोधत बसतं, तो सापडत नाही, आणि मग अख्खा दस्तऐवज नापास करून परत पाठवतं.

यावरचा उपाय जुना आणि सर्वांना माहीत असलेला आहे. मजकुरातली चोच तशीच पाठवायची नाही. तिच्याऐवजी अँडची खूण, एल, टी आणि अर्धविराम अशी चार अक्षरं पाठवायची आणि पलीकडच्या टोकाला त्यांची पुन्हा चोच करायची. याला एस्केप करणं म्हणतात. काम किरकोळ आहे, पण वाटेतल्या प्रत्येक टप्प्याने ते एकदाच करावं लागतं. कोणी विसरलं तर दस्तऐवज मोडतो, कोणी दोनदा केलं तर पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात.

इस्त्रीच्या आधी त्या जागेवर एक जण होता. तो कधीच नोकरी सोडून गेला होता, तिने त्याला पाहिलेलंही नव्हतं. त्याच्या काळात रोज दस्तऐवज मोडत होते, रोज हॉस्पिटलांचे फोन येत होते. त्याने एक पळवाट काढली. आश्रमाला मजकूर दाखवायच्या आधी, उघडणाऱ्या चोचीपासून मिटणाऱ्या चोचीपर्यंत जे काही असेल ते सरळ उडवायचं. त्यात असणार तरी काय, अक्षरं ठळक करण्याची वगैरे खोगीरभरती, असा त्याचा हिशोब. फोन यायचे थांबले. प्रोग्रॅममध्ये त्या ओळीच्या डोक्यावर त्याने लिहून ठेवलं होतं: सध्यापुरतं. मग तो गेला आणि ती ओळ राहिली.

एका हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तक्रार केली की आश्रमात माझं वाक्य अर्धवट दिसतं. तक्रार फिरत फिरत इस्त्रीकडे आली. तिने माग काढला, ती ओळ सापडली, आणि वाचून ती खुर्चीत जरा मागे टेकली. पुढचे काही दिवस तिने दुसरं काही केलं नाही. ती पळवाट काढून टाकली, प्रत्येक टप्प्यावर एस्केप करण्याचं काम रीतसर बसवलं, वेड्यावाकड्या मजकुराने ते तपासून पाहिलं. सगळं सरळ झालं.

पण तिच्या मनात आलं, आश्रमांच्या पडद्यांवर आधीची जी कागदपत्रं आहेत त्यांचं काय? ती तर अजून कापलेलीच आहेत. हॉस्पिटलांनी पाठवलेला मूळ मजकूर कंपनीच्या साठ्यात जसाच्या तसा होता. तिने साहेबांची परवानगी घेतली, तो सगळा साठा नव्या प्रोग्रॅममधून पुन्हा काढला आणि सगळ्या आश्रमांना नव्याने पाठवून दिला. हे तिला कोणी करायला सांगितलं नव्हतं. आश्रमाकडे एका माणसाची एकच प्रत राही, नवीन आली की जुनी पुसली जाई. सोमवारी सकाळी सगळ्या पडद्यांवर सगळी वाक्यं पुरी दिसत होती. साहेबांनी मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. ती लाजली, पण घरी जाताना तिने मुलीसाठी नवी चप्पल घेतली, मनातल्या मनात साजरं करायचं म्हणून.

यानंतर काही महिन्यांनी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. एक कागद पुढे सरकवला.

"मॅडम, इथे सही हवी. पोलिसांकडून आलंय. एका आश्रमाची केस आहे. त्यांच्या पडद्यावर दिसणारी सूचना आणि हॉस्पिटलने पाठवलेली सूचना एकच आहे, असं आपण लिहून द्यायचंय. हा विभाग तुमच्याकडे आहे, म्हणून तुमची सही."

"केस कसली आहे?"

"इन्सुलिन देऊ नका असं लिहिलेलं असताना तिथल्या मावशीने दिलं. म्हातारे मास्तर होते कोणी. गेले बिचारे."

तिने कागदाला जोडलेली सूचना वाचली. रोज संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन दहा युनिट. पुढे 'साखर', मग उघडणारी चोच, मग नव्वद. असल्यास इंजेक्शन देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. पुढे मिटणारी चोच, आणि तीनशे असल्यास चौदा युनिट.

ती ते वाक्य पुन्हा वाचत राहिली. साहेबांनी पेन पुढे धरलं होतं.

"मास्तर गेले कधी?" तिने विचारलं.

साहेबांनी तारीख बघून सांगितली. तिने सगळी कागदपत्रं नव्याने पाठवली त्याच्या महिनाभर आधीची ती तारीख होती.

"मी उद्या सही करते," ती म्हणाली. "एकदा तपासून बघते."

जागेवर येऊन तिने प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती बाहेर काढली, एका बाजूच्या मशीनवर चढवली आणि ती सूचना त्यातून सोडली. पडद्यावर उमटलं: रोज संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन दहा युनिट. साखर तीनशे असल्यास चौदा युनिट.

मधलं सगळं गेलं होतं. आणि वाक्य कुठे तुटलंय असंही वाटत नव्हतं. ज्याला मूळ माहीत नाही त्याला ते पुरं वाक्य वाटलं असतं.

तिने पुन्हा सोडून पाहिलं. मग उठून पाणी प्यायली आणि साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, तिच्याबरोबर येऊन पडदा पाहिला, आणि परत केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. बराच वेळ त्याचं फोनवर बोलणं चाललं होतं. मग त्याने तिला बोलावलं.

"आपल्या वकिलांशी बोललो. पोलिसांनी विचारलंय ते फक्त एवढंच, की आज पडद्यावर दिसतं ते आणि हॉस्पिटलने पाठवलं ते एकच आहे का. ते आहे. यात खोटं काही नाही."

"पण त्या दिवशी ते दिसत नव्हतं, सर."

"ते कोणी विचारलेलं नाही."

"मावशीने सांगितलं असेल ना, की मला दिसलं नाही?"

"सांगितलं असेल." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, या कंपनीत साठ माणसं आहेत. मला त्यांचाही विचार करावा लागतो. तुम्ही सही केली नाही तरी चालेल. मी करतो."

आणि त्याने तिच्यादेखत सही केली.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि चपलाही न काढता मोरीजवळच्या स्टुलावर बसली. नवरा हातांचं ग्रीस साबणाने काढत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. मधेमधे तो विचारत होता, चोच म्हणजे काय, साठा म्हणजे काय. त्याला कळलं तेव्हा त्याने नळ बंद केला.

"म्हणजे चूक त्या आधीच्या माणसाची."

"हो."

"आणि तू ती दुरुस्त केलीस."

"दुरुस्त केली आणि पुरावा पुसला. ती बाई सांगत असणार, नव्हतं, नव्हतं म्हणून. आणि समोर पडद्यावर दिसतंय. मी दाखवलंय ते. मी सगळं पुन्हा पाठवलं नसतं तर तिथे जुनीच प्रत असती. कोणीही बघितलं असतं तरी कळलं असतं."

"तुला काय माहीत होतं, अगं."

"नव्हतं माहीत. म्हणून काय झालं?"

तो टॉवेलने एकेक बोट पुसत राहिला. मुलगी आतून दारात येऊन उभी राहिली आणि आईबापांचे चेहरे बघून परत गेली. मग नवरा म्हणाला, "कोर्टाला काय सांगायचं ते नंतर बघ. तुझा साहेबही नंतर. आधी त्या बाईला सांग."

मावशीचा पत्ता मिळवायला फार खटपट लागली नाही. आश्रमातल्या स्वयंपाकिणीने तो सांगितला, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "चांगली होती हो ती. पण शेवटी तिनेच कबूल केलं, मग आम्ही तरी काय बोलणार."

एका बोळाच्या टोकाला लाँड्री होती आणि तिच्या मागच्या बाजूला मावशीच्या मुलाची खोली. भिंतीपलीकडे यंत्रं फिरत असल्यामुळे खोली सतत हलकीशी थरथरत होती. मावशी जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे खोके दुमडत होती. पन्नाशी उलटलेली, अंगाने भक्कम, नाकावर नवाकोरा चष्मा. सुनेने पाणी आणून दिलं आणि ती दाराशीच उभी राहिली, पाहुणी लवकर उठावी अशा बेताने.

इस्त्रीने जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. लेबलं, चोची, मधला मजकूर उडवणारी ती ओळ. शेवटी म्हणाली, "मावशी, त्या दिवशी ते वाक्य पडद्यावर नव्हतं. तुम्ही खरं सांगत होतात. ते नंतर आलं. मी पाठवलं म्हणून आलं."

मावशीचे हात थांबले नाहीत. एक खोका पुरा झाला, तो तिने थप्पीवर ठेवला.

"नाही बाई," ती म्हणाली. "होतं ते."

"नव्हतं. मी स्वतः तपासलंय."

"होतं. मला आठवतंय ना. दुसऱ्या ओळीत होतं. इंजेक्शन देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. मी वाचलं असणार आणि माझं लक्ष नसणार."

दारातून सून म्हणाली, "आधी त्या नव्हतंच म्हणत होत्या. पहिले कितीतरी दिवस. देवाशप्पथ नव्हतं म्हणायच्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मास्तर झोपेत गेले तेव्हा कोणालाच काही वाटलं नव्हतं. वय झालं होतं, आजारी होते. त्यांची लेक दूर नोकरीला होती, ती आली, सगळं उरकून परत गेली. काही आठवड्यांनी तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी साखरेच्या नोंदी बघायला सांगितलं. ती परत आली, नोंदी मागितल्या. मावशीने आपल्या हाताने लिहिलं होतं: साखर चौसष्ट, दहा युनिट दिले. तिने काही लपवलं नव्हतं, कारण लपवण्यासारखं आहे हेच तिला माहीत नव्हतं. आश्रमाच्या व्यवस्थापकाने पडदा तिच्यापुढे धरला आणि सांगितलं, वाचा. तिने मोठ्याने वाचलं.

"मी म्हटलं, हे नव्हतं," मावशी सांगू लागली. "ते म्हणाले, मग काय मी लिहून ठेवलं? मास्तरांची लेक समोर बसली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई आपल्या बापाला मारून वर खोटंही बोलते. मुलगा म्हणाला, आई, डोळे तपासून घे. तपासले तर नंबर निघाला. मग मलाच वाटलं, दिसलं नसेल. पोलिसांसमोर तसं लिहून दिलं. आता डोळे मिटले की ती ओळ दिसते. त्याच पडद्यावर, त्याच दिवशीची. खरंच दिसते बाई. आता तुम्ही म्हणता नव्हती. मी कोणाचं ऐकू?"

"माझं ऐका."

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"बरं, नव्हती समजा. तरी चौसष्ट मी बघितलं होतं. इतकी वर्षं हेच काम केलंय. मनात आलं होतं माझ्या, साखर कमी वाटते, फोन करावा. पण मागच्या वेळी फोन केला तर डॉक्टर खेकसले होते, लिहिलंय तेवढं करा म्हणून. लिहिलेलं बघितलं, दहा युनिट, दिले. मास्तरांनी हात पुढे केला. म्हणाले, मावशी, तुझ्या हाताला दुखत नाही." तिने पुढचा पुठ्ठा ओढला. "हे तुमच्या यंत्रात नाही ना कुठे?"

इस्त्री उठली तेव्हा मावशीने तिला बस म्हटलं नाही. बोळात सून मागोमाग आली. "तुम्ही हे कोर्टात सांगणार?"

"सांगणार."

"मग लवकर सांगा. आणि परत घरी नका येऊ. आत्ता कुठे त्या जेवायला लागल्यात."

तिने मावशीच्या वकिलाला गाठलं. सरकारने दिलेला तरुण वकील होता, हातात एका वेळी दहा केसेस. त्याला एस्केप म्हणजे काय हे समजावताना तिने त्याच्याच डायरीच्या मागच्या पानावर चोची काढून दाखवल्या. कंपनीत तिने आधी साहेबांना सांगितलं, मी साक्ष देणार आहे. साहेब म्हणाला, "अडवू शकत नाही. पण जुना प्रोग्रॅम कंपनीचा आहे, तो बाहेर नेता येणार नाही." पुढच्या आठवड्यात तिच्याकडून तो विभाग काढून घेतला आणि तिला पासवर्ड विसरलेल्या लोकांचे फोन घ्यायला बसवलं. कोणी तिच्याशी वाकडं बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर कोणी बसायला येईना, एवढंच.

कोर्टात सरकारी वकिलाने तिला उलटे प्रश्न विचारले. त्याचाही आवाज चढला नाही.

"त्या दिवशीचा पडदा तुम्ही स्वतः पाहिला होता?"

"नाही."

"त्या दिवशीची प्रत कुठे आहे?"

"पुसली गेली."

"कोणी पुसली?"

"माझ्यामुळे पुसली गेली. मी नवीन प्रत पाठवली."

"म्हणजे जी प्रत आज कोणी पाहू शकत नाही, तिच्यात काय नव्हतं हे तुम्ही सांगताय. आणि ती नाहीशी तुम्हीच केली."

"जुना प्रोग्रॅम चालवून बघा. तेच दिसेल."

"तो प्रोग्रॅम त्या दिवशी, त्या आश्रमासाठी, नेमका तसाच चालत होता, याला तुमच्या शब्दाशिवाय दुसरा आधार आहे?"

तिने विचार केला. आहारतज्ज्ञ बाईंची तक्रार होती. ती त्याच सुमाराची होती, पण दुसऱ्या आश्रमाची. तिने तसं सांगितलं. वकिलाने मान हलवली आणि तो बसला.

न्यायाधीशांनी प्रोग्रॅम मागवून घेतला. कंपनीने वेळ मागितली, आणखी वेळ मागितली, शेवटी दिला. तज्ज्ञ आला, त्याने चालवून पाहिला, आणि इस्त्री सांगत होती तेच निघालं. मावशीला तुरुंग चुकला. निकालात लिहिलं होतं की सूचना पुरी दिसत नसण्याची दाट शक्यता आहे. पण साखर इतकी कमी असताना अनुभवी सेविकेने विचारायला हवं होतं, असंही लिहिलं होतं, आणि यापुढे तिने रुग्णसेवेचं काम करू नये असा आदेश होता. मावशी उभी राहून ऐकत होती. निकाल वाचून झाल्यावर तिने वकिलाला विचारलं, "म्हणजे माझी चूक होती की नव्हती?" वकील दुसऱ्या केसचे कागद उचलत होता. तो म्हणाला, "सुटलात ना मावशी, आता घरी जा."

बाहेरच्या पॅसेजमध्ये मास्तरांची लेक बाकावर बसली होती. इस्त्री समोरून जाताना तिने हाक मारली.

"तुम्हीच ना त्या?"

"हो."

"मी त्या बाईला वर्षभर शिव्याशाप दिलेत. रोज सकाळी उठून." तिचा आवाज अगदी सपाट होता. "ज्याने ती ओळ लिहिली तो कुठे असतो?"

"माहीत नाही. परदेशात गेला असं ऐकलंय."

"त्याला माहीत आहे?"

"मला नाही वाटत."

"मग मी आता कोणाला धरू?"

इस्त्री तिच्या शेजारी बसली. तसंच निघून जाणं बरं दिसलं नसतं. दोघी तिथे बसून राहिल्या. शिपायाने येऊन पंखा बंद केला तेव्हा लेक उठली, पर्स खांद्याला लावली आणि जिन्याकडे निघून गेली.

मावशी आता एका बेकरीत ट्रे धुवायला जाते, असं सून एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली. कधीकधी ती अजूनही म्हणते की ती ओळ होती. मुलाने समजावणं सोडून दिलंय.

निकालानंतर कंपनीला एक गोष्ट टाळता येईना. जुना प्रोग्रॅम एकाच माणसाच्या सूचनेवरून फिरला होता असं थोडंच होतं. आजवरच्या सगळ्या सूचना जुन्या आणि नव्या प्रोग्रॅममधून सोडून, काय काय गळून गेलं होतं ते काढायचं आणि त्या त्या आश्रमाला कळवायचं, असं ठरलं. हे काम करायला कोणी तयार नव्हतं. साहेब इस्त्रीच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कराल?" ती हो म्हणाली. नवऱ्याला हे पटलं नाही. "अजून किती उकरशील?" त्याने विचारलं. "उकरलेलं बुजवायचंय का तुम्हाला?" ती म्हणाली, आणि दोघं त्या दिवशी एकमेकांशी फारसं बोलली नाहीत.

ती रोज दुपारी जेवण झालं की बसते. बहुतेक गळालेला मजकूर बिनमहत्त्वाचा निघतो. ठळक अक्षरांच्या खुणा, कोणाचा तरी फोन नंबर. पण अधूनमधून दुसरंही निघतं. ताप अमुकपेक्षा जास्त असल्यास दाखल करावे. वजन अमुकपेक्षा कमी झाल्यास गोळी थांबवावी. अशा वेळी ती आश्रमाला फोन लावते, नाव सांगते, माणूस कसा आहे ते विचारते. बरेच जण ठीक असतात. फोनवरची माणसं गोंधळतात, इतक्या दिवसांनी हे का विचारताय म्हणतात, आणि ती समजावून सांगते.

परवा एका आजींची सूचना निघाली. नाडीचे ठोके साठपेक्षा कमी असल्यास हृदयाची गोळी देऊ नये. पुढे मिटणारी चोच येईपर्यंत सगळंच गळालेलं होतं. तिने फोन लावला. पलीकडे कोणी मुलगी होती, कामाला नवी असावी.

"त्या आजी इथे नाहीत आता," ती म्हणाली.

"दुसरीकडे हलवलं का?"

"नाही. गेल्या त्या."

"केव्हा?"

"ते बघावं लागेल."

"आणि कशाने गेल्या, तेही बघाल?"

"थांबा हं," मुलगी म्हणाली, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मागे कुठेतरी कोणीतरी खोकत होतं, भांडी वाजत होती. इस्त्री फोन कानाला लावून थांबली.